मदत हवी आहे: पुलाखाली राहणाऱ्या कुटुंबांसाठी मंदिराचा हॉल रात्री उघडता येईल का? (इंदूर)

केतकी_इंदूर
नमस्कार मंडळी. पश्चिम इंदुरात आमच्या दत्तमंदिराचं भजनी मंडळ आहे. जेमतेम तीस माणसं, त्यातली निम्मी साठीपुढची. मंदिरामागे हॉल आहे. गुरुवारचं भजन, दत्तजयंतीचा सप्ताह आणि एखादी मुंज सोडली तर तो कुलूपबंदच असतो. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर पुलाखाली चार कुटुंबं झोपतात. झाबुआ-अलीराजपूरकडची आदिवासी मंडळी, बांधकामावर मजुरी करतात. लेकरं बरीच, एक तर अजून अंगावर पिणारं.

थंडी पडली तशी आम्ही ब्लँकेटं वाटली. पण दिवसा सगळे कामावर, सामान उघड्यावर, त्यामुळे निम्मी लगेच गायब झाली. रैन बसेऱ्याचं, म्हणजे महानगरपालिकेच्या रात्रनिवाऱ्याचं, सुचवलं तर एक बाई म्हणाली, तिथे नवरा एका हॉलमध्ये, मी दुसऱ्या; बारा वर्षांचा पोरगा कुठे झोपवू? त्यापेक्षा पूल बरा.

माझी बहीण न्यू जर्सीत असते. तिच्याकडे चर्च वगैरे प्रार्थनास्थळं पाळीपाळीने एकेक आठवडा बेघर कुटुंबांना आपल्याच इमारतीत झोपायला जागा देतात. रात्रीचं जेवण आणि सोबत स्वयंसेवकांची. दिवसा एका केंद्रात आंघोळ, कपडे धुणं, नोकरी आणि घर शोधणं. कॅरन ओल्सन या बाईंनी १९८६ मध्ये तिथेच हे सुरू केलं, आता 'फॅमिली प्रॉमिस' नावाने ते अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी चालतं. नवरा-बायको-मुलं एकत्र राहतात, हे मला सगळ्यात पटलं. आपल्याकडे दत्तमंदिर, राममंदिर, गुरुद्वारा, जैन धर्मशाळा अशी पाळी का लागू नये?

मंडळात मात्र दोन तट आहेत. खजिनदार काका म्हणतात, संडास दोनच, आणि एकदा आत आले की हलणार नाहीत. शिवाय इंदुरात भीक मागण्या-देण्यावर बंदीचा जो आदेश निघाला, त्याची धास्ती. आपण जेवायला वाढलं आणि गुन्हा आपल्यावरच नोंदला गेला तर? कुणी असं काही केलं आहे का? परवानगी कोणाची लागते? निगमची (महानगरपालिकेची), पोलीस थान्याची, की कुणाचीच नाही?

सराफ्यातला_उशीर
जेवणाचं डोक्यातून काढून टाका ताई. राजवाड्याजवळ इमली साहेब गुरुद्वाऱ्यात लंगर आहे, दीनदयाळ रसोईत ५ रुपयांत थाळी मिळते. तुमची खरी अडचण झोपायची आणि सामानाची.

काळा_कोट
भीकबंदीचं आधी सांगतो, कारण तिथेच लोक घाबरतात. जानेवारी २०२५ पासून इंदुरात भीक मागणं आणि देणं दोन्हींवर बंदीचा आदेश लागू झाला. त्याच महिन्यात एका मंदिराबाहेर १० रुपये देणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हाही नोंदला गेला. म्हणजे धास्ती अगदीच हवेतली नाही. पण असे आदेश नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात आणि त्यांची मुदत साधारण दोन महिन्यांची असते, पुढे नवा काढावा लागतो. सध्या कोणता लागू आहे आणि त्यात नेमके शब्द काय आहेत, ते कलेक्टोरेटमधून घ्या. शिवाय तुमचे लोक भीक मागत नाहीत, मजुरी करतात. हॉलमध्ये पंगत बसवून वाढलंत तर माझ्या मते त्याला भीक म्हणता येणार नाही. रस्त्यावर, सिग्नलला वाटप मात्र करू नका.

आता हॉल. तुमचं मंदिर मध्यप्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५१ खाली नोंदलेलं असेल तर त्याचे रजिस्ट्रार कलेक्टरच. न्यासाच्या उद्देशांत 'सेवाकार्य' किंवा 'धर्मशाळा' असा शब्द आहे का पाहा. असेल तर कार्यकारिणीचा ठराव करा, राहणाऱ्यांची नावं आणि आधारच्या प्रती थान्यात लेखी द्या, पोच घ्या. तोंडी सांगून येऊ नका. दर मंगळवारी कलेक्टोरेटमध्ये लोकांच्या तक्रारी ऐकायची जनसुनवाई असते, तिथे आवेदन दिलंत तर त्याचा नंबर मिळतो. खजिनदार काकांना तोच दाखवा!

आणि रैन बसेऱ्याचं असं की सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये शहरांना बाराही महिने चालणारे आसरे उभारायला सांगितलं. पुढे राष्ट्रीय शहरी उपजीविका मिशनच्या मार्गदर्शिकेत दर १ लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय आली, माणशी ५० चौरस फूट. त्यातच कुटुंबांसाठी वेगळ्या आसऱ्याची तरतूद आहे. त्या बाई उगाच हट्ट करत नाहीयेत, त्यांच्या हक्काचंच मागताहेत. आवेदनात हा मुद्दा घाला.

स्पष्टच_बोलतो
अमेरिकेचं सगळं इथे चालत नाही. तिथे घर गेलेलं कुटुंब असतं, त्याला दुसरं घर मिळवून द्यायचं असतं. इथे ठेकेदार गाडी भरून माणसं आणतो आणि राहायची सोय करत नाही. त्याला कुणी विचारणार की नाही? तुम्ही हॉल उघडलात की त्याचंच फावेल.

काळा_कोट
मुद्दा खरा आहे. पण जाब विचारेपर्यंत त्या बाळाने कुठे झोपायचं, दादा?

निमाडची_लेक
मी मजुरांच्या मुलांबरोबर काम करते, म्हणून थोडं लांबण लावते. केतकीताई, या चार घरांना काय हवंय ते विचारलंत का? तुमच्या मंडळातल्या बायकांनी जाऊन त्यांच्या बायकांशी बोलायला हवं. पुरुषांना विचारलं तर 'सब ठीक है' एवढंच हाती लागतं. माझा अनुभव असा की छप्पर बऱ्याचदा तिसऱ्या नंबरवर येतं. आधी येतो संडास आणि आंघोळीचा आडोसा, मग कुलूप लावता येईल अशी पेटी. बायका अंधार पडेपर्यंत पाणी पीत नाहीत, का ते सांगायला नको. तुमच्याकडचे दोन संडास काकांना कमी वाटतात, त्यांना ते खूप आहेत.

शिवाय यांची गावाकडे घरं आहेत, थोडी शेतीही असते. होळीच्या आधी भगोरियाला, म्हणजे आदिवासींच्या जत्रेला, बहुतेक सगळे परत जातात. तेव्हा 'हलणार नाहीत' ही भीती सोडा. ठरावातच 'भगोरियापर्यंत' लिहा, मंडळातले नाराज लोकही तयार होतील.

कागदांचं पाहा. रेशन कार्ड गावचं असलं तरी 'वन नेशन वन राशन'मुळे इथल्या दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं. दुकानदार नाही म्हणतो, तेव्हा सोबत तुमच्यासारखं कुणी उभं असलं की हो म्हणतो. समग्र आयडी (राज्य सरकारचा ओळख क्रमांक) जवळ लिहून ठेवायला सांगा, आपल्या राज्यात त्याशिवाय पान हलत नाही. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्यांची कर्मकार मंडळात (बांधकाम मजुरांच्या कल्याण मंडळात) नोंदणी होते. अंगणवाडीत बाळाचं आणि आईचं नाव घाला. मोठ्या मुलांना शाळा जन्मदाखल्याअभावी परत पाठवू शकत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. या गोष्टी तुमच्या निवृत्त मंडळींना मस्त जमतील, त्यांना कचेऱ्यांची सवय असते.

एक विनंती. रात्री निगमची गाडी बोलावून त्यांना 'हलवू' नका. जानेवारी २०२१ मध्ये बेघर वृद्धांना गाडीत घालून शिप्राजवळ सोडल्याचं सगळ्या देशाने पाहिलं. त्यानंतर अशा गाडीत कोण विश्वासाने बसेल?

केतकी_इंदूर
सगळ्यांचे आभार. काल आम्ही तिघी जाऊन बोललो. निमाडच्या ताई, अगदी तुम्ही म्हणालात तसंच निघालं. पहिली मागणी संडासाची, दुसरी पेट्यांची. बाळाची आई तेवढी म्हणाली, रात्री आत झोपायला मिळालं तर बरं होईल.

तेव्हा आता असं ठरतंय: सकाळ-संध्याकाळ हॉलचा मागचा दरवाजा आणि नळ उघडा ठेवायचा, झोपायला आधी बाळाचं कुटुंब, नवऱ्यासकट. काकांनी 'भगोरियापर्यंत' या शब्दावर सही द्यायचं कबूल केलं आहे. न्यासाचे कागद ते स्वतःच शोधताहेत. पुढच्या मंगळवारी जनसुनवाईला जाऊ. @काळा_कोट, आवेदनाचा मसुदा हिंदीतून पाहून द्याल का? आणि कुणाकडे कडी-कोयंड्याच्या जुन्या पत्र्याच्या पेट्या पडून असतील तर व्यनि करा. चार हव्यात. राजेंद्रनगर, सुदामानगर, अन्नपूर्णा भागातून आम्ही येऊन घेऊन जाऊ.