मदत हवी आहे: मुंबईत फाय ६ फाज (जिवाणूंना संसर्ग करणारा विषाणू) कुणाकडे मिळेल?
नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी पेप्टॉइड बनवतेय. पेप्टाइडसारखेच (म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीसारखे), पण बाजूची साखळी कार्बनऐवजी नायट्रोजनला जोडलेली, त्यामुळे प्रथिनं कापणारी प्रोटिएज एन्झाइम त्यांना सहज कापू शकत नाहीत. एचआयव्हीवरचं औषध एन्फुविर्टाइड (मान्यता २००३) ३६ अमिनो आम्लांचं पेप्टाइड. शरीरातली एन्झाइम ते लवकर कापतात, त्यामुळे दिवसातून दोनदा टोचून घ्यावं लागतं. म्हणून पेप्टॉइडचा मार्ग मला फार मोलाचा वाटतो.

माझे रेणू विषाणूचं मेदाचं आवरण फोडतात का, हे बघायचंय. खऱ्या विषाणूंवर काम करण्याची सोय आमच्याकडे नाही. फाय ६ हा आवरण असलेला फाज माणसाला निरुपद्रवी. तो आणि त्याचा यजमान जिवाणू स्युडोमोनास सिरिंगी मुंबईत कुठल्या लॅबमध्ये मिळेल?

आणखी एक, लायोफिलाइज केलेली (गोठवून सुकवलेली) पेप्टॉइडची पावडर कुपी उघडताच पावसाळी हवेत चिकट होते, वजनच नीट येत नाही. तुम्ही काय करता?