इंटर्नशिप करता करता एमबीए? आधी दोन वर्षं पेशंट बघा

गोदाकाठ_डॉक्टर
माझा भाचा इंटर्नशिप करतोय. परवा आला तो एमबीएचं माहितीपत्रक घेऊनच. "मावशी, नुसत्या एमबीबीएसला कोण विचारतं? एमडीची सीट मिळेपर्यंत ऑनलाइन एमबीए उरकून टाकतो." यूजीसीने 2022 मध्ये एकाच वेळी दोन पदव्यांना मुभा दिली, तेव्हापासून हे त्याच्या डोक्यात आहे. पंचवटीत पंचवीस वर्षं दवाखाना चालवते, त्या जोरावर सांगते: दुसरी पदवी जरूर घ्या, पण आधी दोन वर्षं पेशंट बघा.

इंटर्नशिप मिळते एकच वर्ष. सलाइन लावताना शीर सापडत नाही, हात थरथरतो, खाटेवरची आजीच धीर देते, "लाव बाळा, घाबरू नको." ते वर्ष लॅपटॉपवर लेक्चर ऐकण्यात घालवायचं? भाचा अमेरिकेतल्या एकत्र एमडी-एमबीएचा दाखला देतो. तिकडचं एमडी म्हणजे आपलं एमबीबीएस. तिकडे मेडिकलला जाण्याआधीच चार वर्षांची पदवी झालेली असते. आपली पोरं बारावी झाली की अठराव्या वर्षी येतात. तुलना कशी करायची?

सर्जन_कॉलेजरोड
मॅडम, अजिबात पटलं नाही. 'आधी पेशंट' म्हणत राहिलं की दुसरी पदवी राहूनच जाते. मी चाळिशीत एलएलबीला बसलो, कारण माझ्यावर ग्राहक मंचात केस झाली. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सुप्रीम कोर्टाने 1995 मध्येच सांगितलं होतं. तेवढं माहीत होतं मला. पण संमतीपत्रावर पेशंटची सही होती, वेळ लिहिलेली नव्हती, आणि कोणता धोका समजावून सांगितला ती जागा कोरी. समोरचे वकील त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून अर्धा तास बोलले. हे मला पंचविशीतच कळायला हवं होतं.

गोदाकाठ_डॉक्टर
सर, त्या कोऱ्या जागेची किंमत कळली ती ऑपरेशन तुम्ही केलं होतं म्हणून. आणि केसपेपर नीट लिहायला एलएलबी कशाला? ते इंटर्नशिपमध्येच घोटून घ्यायला हवं.

सिडको_पालक
पैशांचं कोणीच बोलत नाही. साडेपाच वर्षं एमबीबीएस, सरकारी कॉलेज असेल तर वर्षाच्या सरकारी सेवेचा बाँड, मग नीट पीजी, मग एमडीची तीन वर्षं. मुलगी तिशीला टेकते. अमेरिकेत एमडी-पीएचडी करणाऱ्यांसाठी 1964 पासून सरकारी योजना आहे, फी आणि विद्यावेतन दोन्ही मिळतं. इथे बापाला एफडी मोडावी लागते. मी मुलीला सांगून टाकलंय: एमडी आधी, बाकीची हौस नंतर.

सुरगाणा_एमओ
काका, हौस म्हणू नका. मी एमबीबीएस झाल्या झाल्या एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी केली आणि आता सुरगाणा तालुक्यात आरोग्य केंद्रात आहे. आल्यावर गरोदर मातांचं रजिस्टर उघडलं. दिवाळीनंतरच्या तपासण्यांपुढे ओळीने 'गैरहजर', 'गैरहजर'. सगळे म्हणायचे, बाया ऐकतच नाहीत. मी मागच्या तीन वर्षांची नावं पाड्यांप्रमाणे मांडली. दरवर्षी तेच पाडे, तेच महिने. त्या बाया द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे जात होत्या! आता त्या निघायच्या आत हिमोग्लोबिन बघतो, लोहाच्या गोळ्या पुरतील एवढ्या बांधून देतो, तिकडच्या आशाताईंना फोन करतो. नुसतं एमडी केलं असतं तर समोर आलेलीचा ॲनिमिया बरा केला असता. न आलेली दिसली नसती.

डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 1984 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून एमपीएच केलं, मग गडचिरोली गाठली. गावातल्याच बाईला शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय ते.

गोदाकाठ_डॉक्टर
दोघंही आधी एमडी झाले होते, हे सोडू नका. पण तुमच्या रजिस्टरने मला गप्प केलं. द्राक्षांचा हंगाम संपला की माझ्याकडेही अशा बाया येतात, पांढऱ्याफटक. मी गोळ्या लिहून देते. कुठून आलीस, परत कधी जाणार, हे पंचवीस वर्षांत एकदाही विचारलं नाही.

एमपीएचपुरतं माझं म्हणणं मागे घेते. एमबीएपुरतं नाही. भाच्याला चार दिवस तुमच्याकडे पाठवलं तर राहायची सोय होईल का?

सुरगाणा_एमओ
होईल, मॅडम. क्वार्टरमध्ये एक खोली रिकामी आहे. बाजाराच्या आदल्या दिवशी पाठवा, दुसऱ्या दिवशी ओपीडीत उभं राहायला जागा नसते. रजिस्टर रात्री बसून दाखवतो त्याला.