गणपतीतल्या ऑर्केस्ट्रासाठी बेस गिटार: बोटं की पिक?

विश्रामबागकर
मंडळी, सल्ला हवाय. मी सांगलीचा, बेस शिकायला लागून फार काळ झालेला नाही. क्लासमध्ये बोटांनीच शिकलो, तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून. यंदा गणपतीत एका ऑर्केस्ट्रात वाजवायची संधी मिळालीय. जुनी हिंदी गाणी, थोडी भावगीतं, शेवटी नाचाची फास्ट गाणी. तालमीत कीबोर्डवाले दादा म्हणाले, "तुझा बेस ऐकू येतोय, पण काय वाजवतोयस ते कळत नाही. पिक घे." पिक म्हणजे तार छेडायची छोटी टणक चकती. क्लासचे सर म्हणतात, पिकने वाजवतो तो गिटारवाला, बेसची मूळ पद्धत बोटांचीच, शिवाय पिकची सवय लागली की बोटं गेली. दोघेही मला मोठे, कुणाचा शब्द मोडवत नाही. पी-बेस (प्रिसिजन बेस) पद्धतीची चार तारांची गिटार आहे, तारा राउंडवूंड, म्हणजे वर गोल तार गुंडाळलेल्या, खरखरीत. काय करू?

मिरजेचा_खर्ज
कीबोर्डवाल्यांचं निदान अगदी बरोबर आहे, पण त्यावर औषध एकच नाही.

आधी मंडपात काय होतं ते बघ. तुझी खालची मोकळी ई तार साधारण 41 हर्ट्झला वाजते. मंडपातले बरेच बॉक्स तिथपर्यंत नीट उतरतच नाहीत. तरी लोकांना तो स्वर कळतो, कारण त्या तारेतून 82, 123 असे वरचे स्वरही निघत असतात आणि त्यांच्यावरून कान मूळ स्वर ओळखतो. म्हणजे बेस "कळण्या"साठी लागतात ते हे वरचे स्वर आणि स्वराची स्पष्ट सुरुवात. पिकचं टोक टणक आणि बारीक, त्यामुळे दोन्ही आपसूक मिळतं. बोटाचं मांस रुंद आणि मऊ, ते वरचे स्वर थोडे गिळतं. एवढाच फरक आहे, यात जातपात नाही. आमच्या मिरजेत सतार आणि तंबोरा एकाच कारागिराच्या हातून तयार होतात. सतार नखीने छेडतात, तंबोरा उघड्या बोटाने. कोणतं वाद्य खरं, असं इथे कुणी विचारत नाही.

पण वरचे स्वर बोटांनीही काढता येतात. तुझा हात बहुतेक नेकच्या (गिटारच्या मानेच्या) बाजूला असणार, नवशिक्यांचा असतोच, कारण तिथे तार मऊ लागते आणि घरातल्या छोट्या अँपवर आवाज गोल येतो. तोच हात पिकअपच्या (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकाच्या) मागे, ब्रिजच्या (तारा अडकवलेल्या खालच्या टोकाच्या) दिशेला सरकव. तार कडक लागेल, बोटं दुखतील, आवाज बारीक वाटेल. घाबरू नकोस, ड्रम आणि कीबोर्ड सुरू झाले की तोच आवाज वर येतो. तार वर ओढायची नाही, आत दाबून सोडायची. ए तार वाजवलीस की बोट ई तारेवर येऊन थांबलं पाहिजे. त्या थांबण्यातच ई तारेची गुणगुण बंद होते.

आणि माझ्या मते खरी गोम इथेच आहे. "काय वाजवतोय ते कळत नाही" याचं कारण निम्म्या वेळा स्वराची सुरुवात नसते, स्वर न थांबणं असतं. मागचा स्वर घुमतोय, त्यावर पुढचा पडला, खाली शेजारची तार आपोआप थरथरतेय. पत्र्याच्या मंडपात याचा नुसता गोंगाट होतो. डाव्या हाताचं बोट फ्रेटवरून (मानेवरच्या धातूच्या पट्टीवरून) पूर्ण उचलू नकोस. दाब सोड, पण बोट तारेला टेकलेलंच ठेव. स्वर कापल्यासारखा बंद होतो. पिक घेतलीस तर शेजारच्या तारांवर टेकणारी बोटं आणि अंगठा दोन्ही गेले, मग ते काम उजव्या तळव्याच्या कडेने करावं लागतं. करंगळीखालचा मांसल भाग ब्रिजच्या सॅडलवर (तार जिथे टेकते तिथे) अलगद टेकव. जरा पुढे आलास की नुसतं ठक्-ठक्, जरा मागे गेलास की तार मोकळी घुमते. मधली जागा सापडली की असा घट्ट, भरीव ठोका येतो की ड्रमवालाही मान वर करून बघतो. ती जागा हाताला सापडेपर्यंत पिकने स्टेजवर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सरांच्या "मूळ पद्धती"बद्दल, त्यांचा मान ठेवून सांगतो. अमेरिकेतल्या लिओ फेंडर या गिटार बनवणाऱ्याने 1951 साली प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हा बोटं टेकवायची पट्टी 'जी' या सर्वांत बारीक तारेच्या खालच्या बाजूला होती. म्हणजे चार बोटांनी पट्टी धरायची आणि अंगठ्याने तार छेडायची, अशी कल्पना. मूळच म्हणायचं तर दोन बोटंही नाहीत आणि पिकही नाही. पुढे मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन आला, तो एकट्या तर्जनीने वाजवायचा. त्याच काळात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत कॅरोल के नावाच्या बेसवादक पिकने वाजवत होत्या, आणि ब्रिजजवळ तारांवर फेल्टचा तुकडा ठेवून घुमणं मारत होत्या. पिक म्हणजे रॉक, असंही नाही; आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा स्टीव्ह हॅरिस तसल्या वेगात बोटांनी वाजवतो. जेमर्सनचं आणि केबाईंचं काम एकापाठोपाठ ऐक. दोघांचेही स्वर आखूड आणि स्वच्छ आहेत. मला दोघांत हीच गोष्ट सारखी दिसते आणि ती तुला दोन्ही पद्धतींत शिकावी लागणार आहे.

साताऱ्याचा_साउंड
मिक्सरच्या मागून बोलतो. पोरं स्टेजवर येतात, अँपचं बेसचं बटण पूर्ण फिरवतात आणि मग म्हणतात, साहेब, ऐकू येत नाही. ते बटण कमी करा आणि 700 ते 1000 हर्ट्झच्या आसपास थोडं वाढवा, बोटांनी वाजवलेलंही स्वच्छ येतं. किक ड्रम खालची जागा खात असतो, तिथे त्याच्याशी भांडून उपयोग नाही. अँपसमोर माइक ठेवण्यापेक्षा डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल थेट मिक्सरला जोडणाऱ्या डबीतून) सरळ लाइन द्या. पिकवाल्यांना विनंती एकच: ताकद सारखी ठेवा. एक ठोका मऊ, पुढचा कानठळ्या बसवणारा, असं झालं की मी आवाज खाली ओढणार, आणि मग तुम्ही गेलातच.

कुपवाडची_बेसवाली
मिरजकर दादांचं बहुतेक पटलं, पण भावगीताच्या बाबतीत मी ठाम आहे: तिथे बोटंच. संथ गाण्यात गायिका श्वास घेते त्या मोकळ्या जागेत पिकचा टक् आवाज उघडा पडतो. तबल्याच्या डग्ग्याशी जुळणारा गोलावा मला पिकमधून कधीच मिळालेला नाही. आणि सवय लागली की बोटं जातात, हे खरं नाही. मी दोन्ही करते. रियाज मात्र दोन्हीचा वेगळा करावा लागतो, एकाच्या जिवावर दुसरं येत नाही.

मिरजेचा_खर्ज
ताई, भावगीताचं शंभर टक्के मान्य. लिहायचं राहिलं होतं, बरं झालं तुम्ही लिहिलंत.

विश्रामबागकर
सगळ्यांचे मनापासून आभार. हात ब्रिजकडे घेतला, अँपवरचा बेस कमी केला. कालच्या तालमीत दादा काही बोलले नाहीत, एका गाण्यात तर माझ्याकडे बघून हसले. जुनी गाणी आणि भावगीतं बोटांनीच करणार. पण शेवटच्या फास्ट गाण्यांत सलग आठव्या मात्रा (एका मात्रेत दोन स्वर) आहेत, तिथे बोटं थकतात आणि ठोका मऊ पडतो. तेवढ्यासाठी पिक घ्यावी म्हणतो. जाडी किती घेऊ? आणि दोन गाण्यांच्या मध्ये ती ठेवायची कुठे?

मिरजेचा_खर्ज
1 मिलिमीटरच्या आसपासची घे, मोठी त्रिकोणी मिळाली तर उत्तम, घामेजल्या हातातून फिरत नाही. पातळ नको, ई तार जाड असते, पातळ पिक आधी वाकते आणि स्वर उशिरा निघतो. तारेला सपाट लाव, तिरकी लागली की राउंडवूंडवर करकरते. टोक अगदी थोडंच बाहेर ठेव. सलग आठव्या मात्रा सगळ्या खालच्या दिशेनेच मार, खाली-वर करू नकोस. ठोका एकसारखा पडतो. मनगट सैल ठेव, ताकद तिथून येऊ दे, कोपरातून नको. दम पुरत नसेल तर आधी लय कमी करून रियाज कर, मग वाढव.

ठेवायला पिकगार्डच्या (गिटारच्या अंगावरच्या प्लास्टिकच्या पत्र्याच्या) कडेखाली खोच, बसते. एक जास्तीची खिशात असू दे. आणि सरांना स्वतः जाऊन सांग की फक्त शेवटच्या गाण्यांना पिक घेतोय. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळलेलं बरं. कार्यक्रम कोणत्या मंडळाचा आहे ते कळव, जमलं तर येतो ऐकायला.