मदत हवी आहे: ल्युपस पॉझिटिव्ह, १२ आठवडे थांबायचं कशाला?

घाईत_आहे: बायकोचे दोन गर्भपात झालेत. ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट पॉझिटिव्ह आलंय, म्हणजे गुठळ्या वाढवणारी प्रतिद्रव्यं रक्तात दिसली. डॉक्टर म्हणतात १२ आठवड्यांनी परत तपासू. हेपारिन (रक्त पातळ करणारं इंजेक्शन) आत्ताच सुरू केलं तर काय बिघडतं? एनके सेल (प्रतिकारशक्तीच्या एक प्रकारच्या पेशी) टेस्टही करावी का? लवकर सांगा.

निळी_नळी: कितव्या आठवड्यात झाले? अँटीकार्डिओलिपिन, बीटा-२ ग्लायकोप्रोटीन या त्याच गटातल्या प्रतिद्रव्यांच्या तपासण्या केल्यात का? डीआरव्हीव्हीटीचं (ल्युपससाठी रक्त गोठण्याचा वेळ मोजणाऱ्या तपासणीचं) गुणोत्तर किती? रक्त कधी घेतलं?

घाईत_आहे: आठवा आणि अकरावा. बाकी दोन्ही निगेटिव्ह, गुणोत्तर १.४. रक्त दुसऱ्या गर्भपाताच्या वेळेसच घेतलं. उत्तर मिळेल का?

साखरभात: टॉर्च (काही संसर्गांची रक्ततपासणी) करून घ्या आधी. आणि प्रोजेस्टेरॉन हार्मोन.

तिरकस: टॉर्च कोणी विचारलं होतं? वारंवार गर्भपातात त्यातून काही हाती लागत नाही. प्रोजेस्टेरॉन पुढच्या वेळी रक्तस्राव झाला तर: ४०० मिग्रॅ, दिवसातून दोनदा, योनीमार्गे.

पेशीपुराण: मूळ दोष प्रतिकारशक्तीचा आहे. नवऱ्याच्या लिम्फोसाइट (रक्तातल्या पांढऱ्या पेशी) टोचून घ्या, इंट्रालिपिड (शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण) लावा. एनके वाढलेल्याच निघतील.

तिरकस: काढलंत का ते परत! लिम्फोसाइटची १९९९ची चाचणी वाचा, टोचलेल्यांत मुलं जास्त झाली नाहीत. हातातून काढलेल्या रक्तातल्या एनके वेगळ्या, गर्भाशयातल्या वेगळ्या. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही.

पेशीपुराण: मग हेपारिनची इंजेक्शनं द्यायची तरी कशाला? गुठळ्या होतात म्हणूनच ना?

निळी_नळी: नुसत्या गुठळ्या नाहीत. ही प्रतिद्रव्यं वारेच्या पेशींवरच्या बीटा-२ ग्लायकोप्रोटीनला चिकटतात आणि कॉम्प्लिमेंट (प्रतिकारशक्तीची रक्तातली प्रथिनं) चेततं. हेपारिन तेही दाबतं.

घाईतराव, हेपारिन गर्भ राहिल्यावर द्यायचं असतं. सहसा एनॉक्सापॅरिन ४० मिग्रॅ रोज, सोबत अ‍ॅस्पिरिन ७५. आत्ता टोचून उपयोग शून्य. अकराव्याला वाढ अकरा आठवड्यांचीच होती, की आठव्यालाच थांबलेली? दहा आठवडे पूर्ण झाल्यावर चांगली वाढ असलेला गर्भ गेला, तर एपीएसच्या (अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे या प्रतिद्रव्यांचा आजार) २००६च्या निकषांत तो एकटाही पुरायचा. आणि पिशवी साफ केली तेव्हा गुणसूत्रं तपासली का?

घाईत_आहे: वाढ नवव्याला थांबली होती. गुणसूत्रं नाही, फॉर्मलिनमध्ये घालून बायॉप्सीला पाठवलं.

तिरकस: गेलं. कॅरिओटाइपला (गुणसूत्रांच्या तपासणीला) सलाइनमध्ये द्यायचं असतं. फॉर्मलिनमध्ये पेशी मरतात, वाढवता येत नाहीत.

साखरभात: हेपारिनचं इंजेक्शन देताना आधीच भरून आलेल्या सिरिंजमधला बुडबुडा काढू नका, चिमटीत कातडी धरून सरळ ९० अंशात. नंतर चोळू नका, निळं पडतं.

घाईत_आहे: ते माहितीय, अ‍ॅडमिट असताना हेपारिन चालूच होतं.

निळी_नळी: थांबा. रक्त तेव्हाच घेतलं?

घाईत_आहे: हो, त्याच सकाळी. का?

निळी_नळी: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. तपासणीतलं रसायन (रिएजंट) हेपारिनला ठरावीक मात्रेपर्यंतच निकामी करतं, त्यापुढे खोटं पॉझिटिव्ह. आता इंजेक्शन बंद असताना, ताप नसताना रक्त द्या. ३.२ टक्के सायट्रेटची (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याची) नळी खुणेपर्यंत भरलेली हवी, कमी भरली तर गोठण्याचा वेळ उगाच लांबतो. प्लाझ्मा दोनदा सेंट्रिफ्यूज करायला सांगा. प्लेटलेट उरल्या की त्यांचं फॉस्फोलिपिड (पेशीच्या आवरणातलं स्निग्ध द्रव्य) प्रतिद्रव्य शोषतं आणि खरंही निगेटिव्ह येतं.

घाईत_आहे: म्हणजे १२ आठवडे परत पहिल्यापासून?

निळी_नळी: आता निगेटिव्ह आलं तर मोजायचेच नाहीत. आलंच पॉझिटिव्ह, तर त्या तारखेपासून.