शेवटचा घोट काकांनी राखला, पण पाणी कुणी काढलं?

केळीपान
मे महिन्यात दर शनिवारी ऊन उतरलं की आमच्या गावच्या मारुतीच्या पारावर पोरांचं वाचन घेते. यावल तालुका. पाचवी ते आठवीची पोरं, कधी दहा, कधी वीस. लग्नाची दाट तिथी असली की चारच. यंदा ज्यूल व्हर्नची पृथ्वीच्या पोटातल्या प्रवासाची कादंबरी घेतलीय, १८६४ सालची. आमच्याकडे तिची जुनी संक्षिप्त मराठी प्रत आहे, कव्हर गेलेली.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हॅम्बुर्गचे प्रोफेसर लिडेनब्रॉक, त्यांचा पोरका पुतण्या अ‍ॅक्सेल (गोष्ट तोच सांगतो) आणि आइसलंडचा वाटाड्या हान्स, असे तिघं विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडातून खाली उतरतात. खाली दोन वाटा फुटतात. काका पूर्वेची धरतात, ती चुकते. माघारी फिरल्यावर पहिल्याच दिवशी पाणी संपतं, आणि फाट्यावर पोचायला पाच दिवस लागतात. पुतण्या रांगत येऊन कोसळतो. तेव्हा काका त्याला उचलून आपल्या बाटलीतला शेवटचा घोट त्याच्या तोंडात घालतात. स्वतःचा जीव कासावीस होत असताना तेवढा घोट त्यांनी पोरासाठी राखलेला असतो.

हे वाचलं तेव्हा पार गप्प झाला. नेहमी मागे बसून चप्पल आपटणारा एक पोरगा आहे. त्यानं स्वतःच्या बाटलीचं झाकण उघडलं, आत पाहिलं, आणि न पिताच लावून टाकलं.

माझं मत असं की चिकाटी आणि निःस्वार्थपणा ही दोन्ही पोरांना एकाच पानावर दाखवणारं यापेक्षा चांगलं प्रकरण मला माहीत नाही. घोट पाजल्यावर काका परत फिरत नाहीत. कोलंबसानं खलाशांकडे तीन दिवस मागितले होते, मी तुझ्याकडे एकच मागतो, असं म्हणून दुसऱ्या वाटेनं उतरतात. सांगा, चुकतंय का माझं?

ओट्यावरचा
ताई, चुकतंय.

वाट चुकवली कुणी? पाणी मोजून न्यायचं काम कुणाचं होतं? पोरगा पहिल्यापासून नाही म्हणत होता. त्याला मरणाच्या दारी न्यायचं आणि तिथं एक घोट पाजून वर कौतुक घ्यायचं, याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे, इथं लिहीत नाही. चिकाटी स्वतःच्या जिवावर करावी. दुसऱ्याच्या जिवावर केली की तो हट्ट.

चोपडेकर
अहो, सगळं प्रकरण सांगा ना. काका पुतण्याला स्पष्ट म्हणतात की हान्सला घेऊन तू वर जा, मला इथंच सोड. धरून ठेवलेलं नाही त्यांनी.

ओट्यावरचा
तेही वाचलंय भाऊ. पुतण्या हान्सकडे जातो, हात धरतो, वरची वाट दाखवतो. हान्स मान हलवतो आणि प्रोफेसरकडे बोट दाखवून एकच शब्द बोलतो, ‘मालक’. पोरगा चिडतो की तो तुझ्या जिवाचा मालक नाही. हान्स जागचा हलत नाही.

ताई, ते पान तुम्ही पारावर वाचलं का? का घोटावरच थांबलात?

केळीपान
आमच्या प्रतीत ते एका ओळीत उरकलंय. ‘हान्स स्वामिनिष्ठ होता’ एवढंच.

ओट्यावरचा
झालं मग.

पिंप्रीची सून
माझ्या मुलीनं ही गोष्ट वाचली आहे, तिला काकाच आवडतात. का विचारलं तर म्हणे, ते चिडके आहेत तरी घोट ठेवला. मुलांना गोड माणसाचा चांगुलपणा खोटा वाटतो, तिरसट माणसानं केला की पटतो. आमच्या सासऱ्यांचं तसंच होतं. दिवसभर ओरडणार, आणि आंब्याची फोड सगळ्यात शेवटी स्वतः घेणार, तीही कोय.

बाकी इतकी चिरफाड कशाला? गोष्ट आहे.

नंदुरबारी
मला वेगळाच प्रश्न पडतो. निःस्वार्थपणा शिकवायला आइसलंड कशाला पाहिजे? आमच्या नंदुरबारात ९ सप्टेंबर १९४२ ला हातात तिरंगा घेऊन गोळ्या झेलणारा शिरीषकुमार मेहता पंधरा वर्षांचा होता. सोबतचे चौघं धरून पाच गेले. बाजारपेठेतल्या त्या चौकात पोरांना उभं करा, पुस्तकाची गरज नाही.

पिंप्रीची सून
शिरीषकुमारबद्दल आदरच आहे, दादा. पण आपण मुलांना त्याग सांगतो तो नेहमी मरणाचाच. पाचवीतल्या मुलीनं त्याचं काय करायचं? तिला डबा वाटून खायचा असतो, धाकट्याला खिडकीची जागा द्यायची असते. पाण्याचा घोट तिच्या हातात मावतो.

नंदुरबारी
हे पटलं. चौकात मात्र न्याच.

आडवं बोअर
राम राम. मी पुस्तकं फार वाचत नाही, पण पोरगी ताईंच्या पारावर येते. तिनं घरी येऊन पुढचं प्रकरण सांगितलं आणि मी जेवण सोडून ऐकत बसलो, कारण ते माझ्या धंद्याचं आहे. विहिरीत आडवे बोअर मारतो मी, अठरा वर्षं झाली.

पुढं काय होतं ते लिहितो. दुसऱ्या वाटेलाही पाणी लागत नाही. काकाही हात टेकतात. रात्री हान्स कंदील घेऊन गुपचूप उठून जातो. पोराला वाटतं, हा आपल्याला टाकून पळाला. मग ध्यानात येतं की हा वर नाही, खाली चाललाय. काही वेळानं परत येतो आणि म्हणतो, पाणी. पुढं गेल्यावर भिंतीमागं ओढा वाहिल्याचा आवाज येतो पण पाणी कुठंच नाही. तेव्हा हान्स दगडाला कान लावत लावत सरकतो, आवाज जिथं जास्त तिथं टिकाव घालतो. दोन फूट आत गेल्यावर चिळकांडी उडते, आणि पाणी उकळतं निघतं.

आता बघा. ग्रॅनाइटमध्ये टिकावानं तासाभरात दोन फूट, हे काही मला पटत नाही. आपल्या काळ्या पाषाणात माझी कॉम्प्रेसरची मशीन लावूनही दगड कसा निघतो त्यावर असतं. पण कान लावणं शंभर टक्के खरं. विहिरीच्या तळाला उतरलं की वरचा आवाज बंद होतो. उमाळा कुठल्या अंगाला आहे ते जुनी माणसं ओल्या दगडाला गाल लावून सांगायची. आम्ही पिठी बघतो. बोअरमधून आधी कोरडी राखाडी पिठी येते, चेहरा पांढरा होतो. मग ती बोटाला चिकटायला लागते. मग रंग बदलतो. तेव्हा मशीनवाला काही बोलत नाही, वर मालकाकडे बघतसुद्धा नाही, कारण बोललं आणि पाणी नाही लागलं तर तोंड दाखवायची सोय नाही. मग राड येते. मग पाणी. वरून कुणीतरी ओरडतं, ‘लागनं रे भो, लागनं!’

पोरीनं विचारलं, पप्पा, उकळतं पाणी खरंच निघतं का? म्हटलं, अडावदजवळ उनपदेवला चल, हात घालून बघ.

चिकाटी म्हणाल तर काकांची नाही, हान्सची. काका तोंडानं ‘अजून एक दिवस’ म्हणाले. हान्सनं काही न म्हणता भिंत फोडली.

चोपडेकर
वा! उनपदेव आमच्याच तालुक्यात, पण या गोष्टीशी कधी जोडलं नव्हतं.

तरी काकांची बाजू घेतो. काकांचा ‘अजून एक दिवस’ नसता तर तिघं वर निघाले असते आणि हान्सला भिंतीला कान लावायची वेळच आली नसती. विहीर खोदताना पन्नास फुटांवर ‘बस’ म्हणणारे पुष्कळ असतात. ‘अजून दहा फूट’ म्हणणारा एकच, आणि कर्ज त्याच्या डोक्यावर असतं.

आडवं बोअर
तेही खरं. असे ‘अजून दहा’वाले मी बुडालेलेही बघितलेत आणि बागायतदार झालेलेही. आधी सांगता येत नाही, इतकंच.

जुनी प्रत
माझ्याकडे संपूर्ण इंग्रजी भाषांतर आहे. संक्षिप्त प्रतीत गाळलेली एक गोष्ट सांगतो, कदाचित त्यावर वाद वाढेल. हान्स फुकट आलेला नाही. आठवड्याला तीन रिक्सडॉलर ठरलेले असतात, आणि दर शनिवारी संध्याकाळी ते हातात पडले पाहिजेत ही त्याची अटच असते. पुढं तिघं जमिनीखालच्या समुद्रात तराफ्यावर आहेत, आजूबाजूला अजस्र प्राणी, परत जायची वाट माहीत नाही, आणि शनिवार येतो. सहा वाजता हान्स मजुरी मागतो. प्रोफेसर तीन रिक्सडॉलर मोजून देतात.

व्हर्ननं हे विनोदानं लिहिलंय असं मला नेहमी वाटायचं. आता इथलं वाचून तितकं हसू येत नाही.

चोपडेकर
मग निःस्वार्थ कसला? पगारी माणूस! काकांना घोटाचे पैसे कुणी दिले नव्हते.

ओट्यावरचा
याच वाक्याची वाट बघत होतो.

माझे वडील सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारे गडी. एकाच घरी सव्वीस वर्षं. आपल्याकडे सालदारकी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला ठरते, आखाजीला फिटते. इथल्या तरुण पोरांना कदाचित माहीत नसेल. त्या दिवशी मालकाच्या ओट्यावर हिशेब व्हायचा. मी वडिलांच्या मागं पायरीवर. वहीत आधी सगळी उचल वाचायची, मग धान्य, मग दवाखान्याचे पैसे, मग पोळ्याला दिलेलं धोतर. शेवटी वडील एवढंच म्हणायचे, ‘यंदा काही वाढवा.’ त्यावर उत्तर ठरलेलं. ‘अरे, तू काय परका आहेस? घरचाच माणूस तू. घरच्या माणसानं पैशाचं बोलावं का?’ आणि चहा यायचा.

एका पावसाळ्यात नाल्याला पूर होता तेव्हा वडिलांनी त्यांची बैलजोडी गळ्याएवढ्या पाण्यातून बाहेर काढली. गावभर नाव झालं. निःस्वार्थी माणूस! पुढच्या आखाजीला वाढ शून्य, कारण निःस्वार्थी माणसाला वाढ मागायची लाज वाटते.

म्हणून हान्स मला आवडतो. भिंतही फोडतो आणि शनिवारी हातही पुढं करतो. पगार ठरला होता वाट दाखवायचा. रात्री एकट्यानं खाली उतरून पाणी शोधायचा नव्हता. तेवढं त्यानं वरून दिलं. ‘स्वामिनिष्ठ’ म्हणून ते एका ओळीत गुंडाळणाऱ्या संक्षिप्त प्रतीचा मला राग आहे, ताई, तुमचा नाही.

दोन नंबरचा पंप
एकच बाजू नको. मी शेतकरी आहे, आज सालदार ठेवायचा म्हटलं तर मिळत नाही. मिळाला तर उचल आधी, आणि पोळ्यापर्यंत राहील याची खात्री नाही. दोन वर्षांपूर्वी एक जण ऐन केळी निसवायच्या वेळी निघून गेला, फोन बंद. सगळे मालक ओट्यावरचे नसतात आणि सगळे मजूर हान्स नसतात.

ओट्यावरचा
सगळे नसतात, कबूल. मी माझ्या घरचं सांगितलं.

पिंप्रीची सून
दादा, धोतर पण हिशेबात धरलं?

ओट्यावरचा
दोन वर्षं. नंतर आईनं वडिलांना ते नेसू दिलं नाही.

नंदुरबारी
ज्यांनी पूर्ण पुस्तक वाचलंय त्यांना विचारतो, शेवटी हान्सचं काय होतं?

जुनी प्रत
तिघं ज्वालामुखीच्या उद्रेकाबरोबर इटलीतल्या स्ट्रॉम्बोली बेटावर बाहेर फेकले जातात. हॅम्बुर्गला परतल्यावर प्रोफेसरांचा सत्कार, जगभर नाव. अ‍ॅक्सेलचं लग्न होतं. हान्सला घरची ओढ लागते, प्रोफेसर थांब म्हणतात तरी थांबत नाही, निरोपाचा एक शब्द बोलून आइसलंडला निघून जातो. मूळ धंदा त्याचा बदकांच्या पिसांचा. अ‍ॅक्सेल लिहितो की त्याला मी विसरणार नाही, मरण्याआधी पुन्हा भेटायची इच्छा आहे.

एक राहिलं. भिंतीतून निघालेल्या त्या ओढ्याला हान्सचं नाव देतात. सुचवतात काका, पुतण्या लगेच हो म्हणतो.

आडवं बोअर
विहिरीला मालकाचं नाव असतं. बोअरवाल्याचं नाव दिलेलं पहिल्यांदा ऐकलं.

केळीपान
सगळं वाचलं. काकांचा घोट मी सोडणार नाही, सांगून ठेवते. चूक त्यांची होती हे मान्य, पण चूक केलेल्या माणसानंही घोट राखला, आणि पारावरच्या त्या पोरानं झाकण लावलं ते हान्समुळे नाही. ओट्यावरचे दादा, यावर आपलं जमणार नाही बहुतेक.

पण हान्सच्या तोंडचं ‘मालक’ आणि तराफ्यावरची मजुरी मी गाळून शिकवत होते, नकळत का होईना. माझ्या वर्गातली निम्मी पोरं मजुरांची आहेत. त्यांच्यापुढं ‘स्वामिनिष्ठ’ वाचलं तेव्हा मला काही खटकलं नाही, याचं आता वाईट वाटतंय. येत्या शनिवारी ती दोन पानं वाचायची आहेत. ‘जुनी प्रत’, तेवढ्या भागाचे फोटो पाठवाल का? मराठी मी करीन. आणि दादा, जमलं तर पारावर या, आखाजीचं पोरांना तुम्हीच सांगा.

ओट्यावरचा
बघतो. बोलायची सवय नाही.

जुनी प्रत
रात्री पाठवतो.

आडवं बोअर
ताई, त्याच शनिवारी आमचं मशीन गावाच्या खालच्या अंगाला एका विहिरीत उतरतंय. वाचन झालं की पोरांना घेऊन या, कठड्याच्या बाहेर उभी करा, आत डोकावू देऊ नका. सहापर्यंत काम चालतं. सहाला आमच्या पोरांचा हिशेब असतो, तोही बघतील.