मदत हवी आहे : ‘ब्लूम’ या इंग्रजी शब्दाच्या अर्थछटा आणि मराठी प्रतिशब्द

नमस्कार. वनस्पतींच्या जीवनक्रमाची ओळख करून देणाऱ्या एका इंग्रजी पुस्तकाचा शालेय वाचकांसाठी मी सध्या मराठी अनुवाद करत आहे. त्यात ‘ब्लूम’ हा शब्द कधी नाम म्हणून तर कधी क्रियापद म्हणून जवळजवळ प्रत्येक प्रकरणात येतो. शब्दकोशात फुलणे, उमलणे, बहरणे, विकसणे, बहर, टवटवी असे अनेक प्रतिशब्द सापडतात. परंतु कोणता शब्द कोठे शोभेल, हे त्यातून कळत नाही. सगळीकडे ‘फुलणे’ लिहिले तर व्याकरणाच्या दृष्टीने चूक होणार नाही, पण मूळ लेखकाने जे बारकावे टिपले आहेत ते वाचकापर्यंत पोहोचणार नाहीत, अशी मला काळजी वाटते.

विशेष अडचण चार ठिकाणी आहे. ट्यूलिपचे फूल उबेत उघडते, गारव्यात मिटते आणि पुन्हा उघडते, तेथे हाच शब्द आहे. बांबूच्या काही जाती अनेक दशकांनंतर एकाच वेळी फुलांवर येतात आणि नंतर वाळून जातात, त्या वर्णनातही तोच आहे. द्राक्षाच्या सालीवरचा पांढुरका थर आणि तळ्यातील शैवालाची एकाएकी झालेली वाढ, यांनाही इंग्रजीत ‘ब्लूम’च म्हटले आहे. शिवाय ‘ब्लॉसम’ आणि ‘फ्लॉवर’ हे शब्द त्याच परिच्छेदांत येत असल्याने या तिघांतला फरकही मला नीट समजून घ्यायचा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :
आपला प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण या बाबतीत मराठी इंग्रजीपेक्षा अधिक काटेकोर आहे. प्रतिशब्द निवडताना त्याचा विरुद्धार्थी शब्द शेजारी ठेवून पाहावा, असे मी सुचवेन. उमललेले फूल मिटते किंवा कोमेजते, बहर मात्र ओसरतो. मिटणे ही एका फुलाची क्रिया आहे, तर ओसरणे हे संपूर्ण झाडाच्या किंवा ऋतूच्या संदर्भात बोलले जाते. म्हणून ट्यूलिपसाठी ‘उमलणे’ हाच शब्द घ्यावा. तापमान वाढले की त्याच्या पाकळ्यांची आतली बाजू अधिक वेगाने वाढते व फूल उघडते, आणि थंडावा आला की बाहेरची बाजू वाढून ते मिटते. ही पुन्हा पुन्हा घडणारी हालचाल ‘फुलणे’ या शब्दातून दिसत नाही, कारण फुललेले फूल पुन्हा कळीसारखे मिटेल, अशी अपेक्षा त्या शब्दात नाही.

सूर्यफुलाचा उल्लेख पुस्तकात असेल तर तेथेही जपून लिहावे. ज्याला आपण एक फूल म्हणतो तो अनेक लहान फुलांचा समूह असतो आणि ती फुले कडेकडून मध्याकडे क्रमाक्रमाने उमलत जातात. तेव्हा ‘सूर्यफूल फुलले’ आणि ‘त्यातील फुले कडेकडून उमलू लागली’ अशी दोन निरनिराळी वाक्ये करता येतील.

बांबू हे मुळात गवत आहे. त्यामुळे ‘बांबू बहरला’ यापेक्षा ‘बांबूला फुलोरा आला’ हे मला अधिक योग्य वाटते. उसाला तुरा येतो, ज्वारी निसवते, आंबा मोहरतो. झाडागणिक क्रियापद बदलणे हे आपल्या भाषेचे वैभव आहे आणि मुलांच्या पुस्तकात ते आवर्जून यायला हवे. वनस्पतिशास्त्रीय लेखनात एका अक्षावरील फुलांच्या रचनेलाही ‘फुलोरा’ किंवा ‘पुष्पबंध’ म्हणतात, म्हणून परिभाषेच्या प्रकरणात घोळ होणार नाही याकडे लक्ष द्यावे.

प्रतिसाद :
‘ब्लॉसम’ आणि ‘फ्लॉवर’ यांविषयी थोडेसे. ‘फ्लॉवर’ हा सर्वसाधारण शब्द असून तो लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ‘फ्लोरा’ आणि ‘फ्लरिश’ हे त्याच्याच कुळातले. ‘ब्लॉसम’ हा जुन्या इंग्रजीतला शब्द आहे आणि तो प्रामुख्याने फळझाडांच्या फुलांसाठी, त्यातही झाडावर एकत्र दिसणाऱ्या फुलांसाठी वापरतात. ‘चेरी ब्लॉसम’ म्हणजे चेरीचा बहर. तेथे ‘चेरीची फुले’ म्हटले तर अर्थ कळतो, पण झाडभर पसरलेला तो फुलांचा संभार डोळ्यांसमोर येत नाही. ‘ब्लूम’चे मूळ प्राचीन नॉर्स भाषेत आहे असे मानतात. शोभेसाठी वाढवलेल्या एकेका डौलदार फुलाला तो नाम म्हणून लागतो, आणि ‘इन ब्लूम’ या प्रयोगात फुलण्याची अवस्था सांगतो. त्या प्रयोगासाठी ‘ऐन बहरात’ हा नेमका प्रतिशब्द आहे. ‘बर्जन’ हा शब्दही समानार्थी म्हणून दिलेला आढळेल, परंतु त्याचा मूळ अर्थ कळ्या किंवा कोंब फुटणे असा असल्याने तो फुलण्याच्या आधीचा टप्पा आहे.

प्रतिसाद :
द्राक्षावरच्या थराचा फुलण्याशी संबंध जोडू नये. तो फळाने स्वतः तयार केलेला मेणाचा सूक्ष्म थर असतो, त्यामुळे फळातील पाणी कमी उडते आणि हाताळले की तो पुसला जातो. ‘पांढुरका मेणचट थर’ असे सरळ लिहावे. चॉकलेटवर दिसणाऱ्या पांढऱ्या डागांनाही इंग्रजीत हाच शब्द आहे. ती बुरशी नसून पृष्ठभागावर आलेली चरबी किंवा साखर असते.

शैवालाच्या बाबतीत मात्र संदर्भ पाहिल्याशिवाय शब्द ठरवू नये. समुद्रात वसंतात वनस्पतिप्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या वनस्पतीसदृश सूक्ष्मजीवांची, जी नैसर्गिक वाढ होते, तिच्यावर असंख्य जलचरांचे पोषण होते. तेथे ‘बहर’ हा शब्द मनापासून वापरता येईल. परंतु नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचा अतिरेक होऊन तळे हिरवेगार होते, नंतर मेलेले शैवाल कुजताना पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन संपतो आणि मासे गुदमरतात, त्या घटनेला बहर म्हणणे मुलांची दिशाभूल करणारे ठरेल. तेथे ‘शैवालाचा उद्रेक’ किंवा ‘अतिवाढ’ असे लिहावे, असा माझा आग्रह आहे.

धागाकर्ता :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. विरुद्धार्थी शब्द ताडून पाहण्याची पद्धत मला फार उपयोगी वाटली. आमच्या पुस्तकातील तळे शेतातून वाहून आलेल्या खतांमुळे हिरवे झालेले आहे, म्हणून ‘उद्रेक’ हाच शब्द घेईन. आता एकच शंका उरते. प्रस्तावनेत लेखकाने काही माणसांना ‘लेट ब्लूमर’ म्हटले आहे. ‘उशिरा विकसित झालेले’ हे मला कोरडे वाटते.

प्रतिसाद :
‘विकसणे’ म्हणजे संस्कृतात मुळात उमलणेच, परंतु आज ‘विकसित’ म्हटल्यावर मनात फूल येत नाही, हे खरे. ‘उशिरा बहरलेली माणसे’ असे लिहावे. ‘उमललेली’ हा शब्द स्वभावाविषयी अधिक बोलतो, तर ‘बहरलेली’ कर्तृत्वाविषयी. प्रस्तावनेत लेखकाचा रोख कशावर आहे ते पाहून निवड करावी.