दोन फाउंड्र्या आहेत, तरी पुरात लाइन थांबते. तिसरी कुठली घ्यावी?

भोसरीवाला:
एफजी २६० (करड्या ओतीव लोखंडाचा ग्रेड) चं हाउसिंग, १४ किलो, महिन्याला ३,००० नग. दोन्ही फाउंड्र्या कोल्हापूरकडच्या, एक गोकुळ शिरगावची, दुसरी कागल पंचतारांकित एमआयडीसीमधली. बेळगावला तिसरी स्वस्तात मिळतेय. घ्यावी का?

साचेकाम:
बेळगाव घेऊन काही साधणार नाही, दादा. तिन्ही ठिकाणांहून पुण्याला येणारा ट्रक पंचगंगेचा तोच पूल ओलांडतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही महापुरांत शिरोलीजवळ महामार्ग बंद होता. राजकोट बघा. भाडं जास्त पडेल, पण रस्ता वेगळा आहे.

पॅटर्नचा (वाळूत साचा उठवायच्या नमुन्याचा) दुसरा सेट स्वतःच्या मालकीचा करा, कोअर बॉक्ससकट (आतली पोकळी ठेवणारे वाळूचे गाभे बनवायची पेटी). पण सेट सारखा म्हणून कास्टिंग सारखं येईल असं धरू नका. मोल्डिंग मशीन, वाळू, रनर-रायझर (साच्यातल्या रसाच्या वाटा) सगळं बदलतं. लोकेटिंग पॅडवर (मशीनिंगला नग ज्यावर टेकतो तो भाग) पार्टिंग लाइन (साच्याच्या दोन अर्ध्यांचा सांधा) किंवा गेट (रस आत शिरायची जागा) आला तर फेटलिंगनंतर, म्हणजे जादा लोखंड घासून काढल्यावर, पॅड कमी-जास्त राहतो, फिक्स्चरमध्ये नग तिरका बसतो आणि बोअरची भिंत एका बाजूला पातळ होते. ड्रॉइंगवर पॅडच्या खुणा आधीच करून द्या. पहिल्या लॉटमधले दोन-तीन नग कापून बघा, मग ३०० नग लाइनवर चालवा. पातळ कडांवर इन्सर्ट (कापणारी टिकली) तुटत असतील तर तिथे चिल झालंय, म्हणजे लोखंड पटकन थंड होऊन कडक झालंय. इनॉक्युलेशन (चिल टाळायला रसात घालायचं मिश्रण) तपासायला सांगा.

क्यूए_चाकण:
वरच्यांशी सहमत. पीपीएपी (ग्राहकाकडून पार्ट पास करून घ्यायची प्रक्रिया) मंजुरीशिवाय सोर्स बदलता येत नाही, तेव्हा जूनची तयारी जानेवारीतच सुरू करा.

खरेदी_विभाग:
नव्याला फक्त पुरापुरती ऑर्डर देऊ नका. पॅटर्न मांडणीवर धूळ खात पडतो आणि गरज पडते तेव्हा रिजेक्शन वाढतं. वर्षभर २५-३० टक्के काम द्या. भेटीला गेलात की भट्ट्या किती, एक बंद पडली तर काय, पिग आयर्न (भट्टीत वितळवायचं कच्चं लोखंड) आणि रेझिन (वाळू घट्ट धरणारा चिकट पदार्थ) कुणाकडून येतं, हे विचारा. तिन्ही फाउंड्र्यांचा रेझिनवाला एकच निघाला तर जोखीम तिथेच राहिली. पैसे ४५ दिवसांच्या आत द्या. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी तो कायदाच आहे, आणि टंचाईत माल आधी वेळेवर पैसे देणाऱ्यालाच जातो.

भोसरीवाला:
आणि साठा किती ठेवू?

खरेदी_विभाग:
जून ते सप्टेंबर कामाच्या दहा दिवसांचा, महिन्याचे २५ दिवस धरले तर १,२०० नग. कच्चं कास्टिंगच ठेवा, प्रायमर मारून. मशीनिंग केलेला नग पावसाळ्यात बोअरमध्ये गंजतो.